फ्रीओरायनमध्ये बदल सुचवताना: डिप्लोमसी आणि ट्युटोरियलसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

फ्रीओरायन हा अवकाशातल्या साम्राज्यांचा, टर्न-टर्नने चालणारा खेळ. १९९३ साली आलेल्या 'मास्टर ऑफ ओरायन'च्या वळणाचा, पण पूर्ण मोफत आणि मुक्त स्रोत. कोड जीपीएल आवृत्ती २ या मुक्त परवान्याखाली, चित्रं आणि मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली. तो घडवणारे लोक स्वयंसेवक आहेत, आपापली नोकरी-शिक्षण सांभाळून काम करणारे. त्यामुळे या खेळात काही खटकलं तर नुसतं चुकचुकत बसायची गरज नाही. ते बदलायचा रस्ता तुम्हाआम्हाला मोकळा आहे. फक्त त्या रस्त्याने जायची एक रीत आहे, आणि ती माहीत नसल्यामुळे चांगल्या चांगल्या सूचना वाया जाताना दिसतात.

नवीन खेळाडू दोन ठिकाणी हमखास अडतो: शेजारच्या साम्राज्याशी बोलणी करताना, आणि पहिल्या पन्नासेक टर्नमध्ये नेमकं काय करायचं हे शोधताना. माझ्या मते ही दोन वेगळी दुखणी नाहीत. दोन्हीकडे खेळ निकाल दाखवतो आणि कारण गिळून टाकतो. म्हणून सूचना करायला बसाल तेव्हा नव्या सोयींची यादी करण्याआधी 'खेळाने कारण कुठे सांगायला हवं होतं?' हा प्रश्न हातात धरा.

पायरी १: नोंद ठेवून खेळा

ताज्या आवृत्तीवर नवा खेळ सुरू करा. हे महत्त्वाचं आहे, कारण २०२३ साली आलेल्या ०.५ आवृत्तीत इन्फ्लुअन्स (साम्राज्याचा राजकीय प्रभाव, जो साठवून खर्च करायचा असतो) हे साधन आणि धोरणं (साम्राज्यभर लागू होणारे निर्णय) आली आणि सुरुवातीच्या खेळाचा तोलच बदलला. त्याआधीच्या ०.४.१० वर खेळून लिहिलेली सूचना आज बऱ्याच अंशी गैरलागू ठरते.

खेळ सुरू करतानाच्या पडद्यावर आकाशगंगेचा सीड (ज्यावरून नकाशा तयार होतो तो शब्द किंवा आकडा), ताऱ्यांची संख्या, एआय म्हणजे संगणकाने चालवलेल्या साम्राज्यांची संख्या आणि एआयची आक्रमकता दिसते. हे सगळं टिपून ठेवा. सीड आणि सेटिंग हाताशी असली की तुमच्यासारखीच सुरुवात दुसऱ्याला उभी करता येते. अडचण आली त्या टर्नला वेगळ्या नावाने सेव्ह करा; ऑटोसेव्हवर विसंबू नका, त्या फाइली पुढे पुसल्या जातात. खेळाच्या लॉग फाइलीही (आत काय घडलं याची खेळाने स्वतः लिहिलेली नोंद) जपून ठेवा. फ्रीओरायनमध्ये खेळ चालवणारा सर्व्हर, माणूस वापरतो तो क्लायंट आणि प्रत्येक एआय हे वेगवेगळे प्रोग्रॅम म्हणून चालतात, म्हणून लॉगही वेगवेगळे असतात. डिप्लोमसीच्या बाबतीत एआयचा लॉग सगळ्यात कामाचा.

पायरी २: डिप्लोमसी आज कशी चालते ते मुळापासून बघा

इथे थोडा जास्त वेळ द्या, कारण बहुतेक सूचना याच टप्प्यावर कच्च्या राहतात.

खेळात दोन साम्राज्यांमध्ये तीनच नाती असू शकतात: युद्ध, शांतता आणि युती. सुरुवात साधारणपणे युद्धाने होते. शांततेचा प्रस्ताव पाठवायचा तर साम्राज्यांच्या यादीत समोरच्याच्या नावावर राइट-क्लिक करायचं आणि मेनूतून निवडायचं. नवख्याला हा मेनू आहे हेच कळत नाही. पडद्यावर डिप्लोमसी म्हणून कुठलंही बटण समोर नसताना यादीतल्या नावावर राइट-क्लिक करून बघावं, हे त्याला सुचणार कसं? तुमची पहिली नोंद इथेच तयार होते, आणि ती डिप्लोमसी आणि ट्युटोरियल दोन्हींची आहे.

आता प्रस्ताव पाठवल्यावर काय होतं ते बघू. एआयचा निर्णय पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला आहे. रिपॉझिटरीत, म्हणजे खेळाचा सगळा कोड जिथे ठेवलेला असतो तिथे, पायथनच्या फोल्डरखाली एआयचा फोल्डर आहे, त्यात 'डिप्लोमॅटिककॉर्प' नावाची फाइल. ती उघडा; पायथन जेमतेम येत असेल तरी वाचता येईल इतकी ती छोटी आहे. एआयचा स्वभाव ठरवणारा भाग शेजारच्या कॅरेक्टर विभागात आहे. तिथे दिसतं ते असं: सर्वांत आक्रमक पातळीचा एआय शांततेला तयार होत नाही. सर्वांत मवाळ पातळीचा एआय तयार होतो. मधल्या पातळ्यांवर थोडा नशिबाचा भाग, आणि थोडा तुम्ही आतापर्यंत किती वेळा विचारलंत याचा. जितक्यांदा विचाराल तितकी त्याची चिडचिड वाढते.

हे कळल्यावर नवख्याची फजिती नीट उलगडते. त्याने शांतता मागितली, नकार आला. त्याला वाटलं, पुढच्या टर्नला पुन्हा विचारू. पुन्हा नकार. मग तो दर टर्नला विचारत राहतो, आणि प्रत्येक वेळी स्वतःची शक्यता कमी करत जातो. चॅटच्या खिडकीत एआयचं उत्तर येतं खरं, पण ते उत्तर तयार वाक्यांच्या यादीतून उचललेलं असतं: एक सौम्य नकारांची यादी, एक कडक नकारांची. वाक्य बदलतं, माहिती काहीच मिळत नाही. हा एआय कधीच हो म्हणणार नाही, की आज नशीब आडवं आलं, की तुम्ही फार वेळा विचारलंत, यातलं काय खरं हे खेळाडूला कळायला मार्ग नाही.

इतर खेळांत हे कसं सोडवलंय ते जरूर बघा, पण मोजकंच घ्या. १९९३ च्या 'मास्टर ऑफ ओरायन'मध्ये प्रत्येक वंशाशी तुमचे संबंध कसे आहेत ते पट्टीवर दिसायचं, आणि अनाक्रमण करार, व्यापार, तंत्रज्ञानाची देवाणघेवाण असे वेगवेगळे व्यवहार करता यायचे. २०१६ च्या 'स्टेलारिस'मध्ये प्रस्ताव पाठवण्याआधीच समोरचा तो स्वीकारेल की नाही आणि का, हे अधिक-उण्याच्या यादीत वाचता येतं. सूचनेत या खेळांची नावं एका ओळीत येऊ द्या. 'त्या खेळासारखं करा' एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला काय हवंय ते उमगत नाही.

पायरी ३: सर्वांत लहान बदल शोधा

खेळावर प्रेम असलेला माणूस सूचना लिहायला बसला की व्यापार करार, हेरगिरी, आकाशगंगेची परिषद, दूतावास, खंडणी असं सगळं एकाच दमात मागतो. एक ना धड भाराभर चिंध्या, असं त्या सूचनेचं होतं. स्वयंसेवकाच्या हातात शनिवारची संध्याकाळ असते. त्यात बसेल असं काम मागितलं तर ते होण्याची आशा.

त्यासाठी कुठला बदल किती खर्चाचा याचा अंदाज हवा. सगळ्यात स्वस्त म्हणजे मजकूर. खेळातला प्रत्येक शब्द स्ट्रिंगटेबल नावाच्या साध्या मजकूर फाइलींत असतो, प्रत्येक भाषेची एक फाइल. त्यानंतर येतात कंटेंट स्क्रिप्ट: तंत्रज्ञान, इमारती, प्रजाती, धोरणं यांचे नियम त्यांत लिहिलेले असतात. मग एआयचा पायथन. त्याहून महाग म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या, कारण ते सी प्लस प्लस या भाषेतलं काम. आणि सगळ्यात महाग म्हणजे सर्व्हरचे नियम आणि सर्व्हर-क्लायंटमधले निरोप. नव्या प्रकारचा तह आणायचा तर सर्व्हर, पडदा आणि एआय तिन्हीकडे हात घालावा लागतो, शिवाय जुन्या सेव्ह फाइलींचं काय करायचं हा प्रश्न उरतोच.

आता मघाचा नकार या अंदाजाने बघा. एआय चॅटमध्ये उत्तर देतोच आहे. ते उत्तर निवडताना त्याला कारण माहीत आहे. मग नकारांची यादी कारणानुसार तोडली तर? 'वारंवार विचारलं' याची वेगळी यादी, 'स्वभावच तसा' याची वेगळी. एखादा एआय म्हणेल, 'तुमचे दूत रोज दारात उभे असतात. काही काळ थांबा, मग बोलू.' दुसरा म्हणेल, 'आमचा वंश तह करत नाही. तुमचं आरमार तयार ठेवा.' खेळाडूला दोन्हीकडून पुढे काय करायचं ते कळतं. बदल कुठे? पायथनच्या थोड्या ओळी आणि स्ट्रिंगटेबलमध्ये काही वाक्यं. सर्व्हरला हात लागत नाही.

मी इथे आकड्यांपेक्षा वाक्यांच्या बाजूने आहे. अधिक-उण्याचा पूर्ण हिशेब उघडा टाकला की खेळाडू शेजाऱ्याकडे बघायचं सोडून बेरजेकडे बघायला लागतो. कारण शब्दांत आलं की समोर कुणीतरी आहे असं वाटतं, आणि माहितीही तितकीच मिळते. शिवाय याच खिडकीतून माणसंही एकमेकांशी बोलतात, त्यामुळे एआयचं उत्तर तिथे शोभतं. तुमचं मत वेगळं असेल तर ते मांडा, पण कारणासकट.

डिप्लोमसीत मागण्यांचा क्रम मी असा लावेन. आधी मेनू नजरेस पडेल असं काही: साम्राज्याच्या नावाशेजारी सध्याचं नातं दाखवणारं चिन्ह, आणि त्यावर साध्या क्लिकने उघडणारा तोच मेनू. मग नकाराचं कारण. मग एआयच्या निर्णयात शेजार आणि इतिहास येणं: सीमा भिडलेली आहे का, दोघांचा शत्रू एकच आहे का, मागचा तह कुणी मोडला. मुदतीचे अनाक्रमण करार वगैरे नवे प्रकार सगळ्यात शेवटी. आहे त्या तीन नात्यांचं कारण कळत नसताना चौथं-पाचवं नातं आणणं म्हणजे आधी कळस मग पाया.

पायरी ४: ट्युटोरियलसाठी नवख्याशेजारी बसा

ट्युटोरियलबद्दल अनुभवी खेळाडूंचं मत फारसं उपयोगाचं नसतं, कारण आपल्याला काय माहीत नव्हतं हे आपण विसरून गेलेलो असतो. एखादा भाऊ, बहीण, मैत्रीण किंवा हॉस्टेलवरचा शेजारी गाठा, ज्याने हा खेळ कधी पाहिलेला नाही. त्याला संगणकासमोर बसवा आणि तुम्ही शेजारी वही घेऊन बसा. पहिले तीस टर्न तोंड उघडायचं नाही. हे कठीण जातं, बोट आपोआप पडद्याकडे जातं, तरी नाही. त्याला एवढंच सांगा की मनात येईल ते मोठ्याने बोलत जा.

वहीत तीन गोष्टी लिहा: टर्न कितवा, तो काय शोधत होता, आणि कुठे क्लिक केलं. साधारण काय दिसेल ते सांगतो. टेहळणीची जहाजं तो उत्साहाने लांब पाठवेल आणि काही उड्यांनंतर ती तिथेच अडकतील, कारण आपल्या पुरवठा क्षेत्राबाहेर इंधन जवळजवळ भरून मिळत नाही. उत्पादनाच्या रांगेत एखाद्या जहाजावर सगळं उत्पादन एकदम ओतायला जाईल आणि ते जहाज लवकर का होत नाही म्हणून बुचकळ्यात पडेल; प्रत्येक वस्तूला किमान ठरावीक टर्न लागतात हे त्याने कुठे वाचलेलं नसेल. आणि मग इन्फ्लुअन्स.

इन्फ्लुअन्सवर थांबू, कारण ०.५ पासून सुरुवातीचा खेळ इथेच बिघडतो. प्रत्येक वसाहतीमागे इन्फ्लुअन्सचा खर्च वाढतो. अंगीकारलेलं प्रत्येक धोरण दर टर्नला इन्फ्लुअन्स खातं. एकदा किंमत भरली आणि सुटलो, असं नसतं. साठा शून्याखाली गेला की ग्रहांची स्थिरता घसरायला लागते आणि सगळं साम्राज्य कुरकुरतं. उपाय सोपा आहे: सुरुवातीला प्रोपगंडा हे धोरण घ्यायचं आणि लवकरच एका ग्रहाचा फोकस (तो ग्रह मुख्यतः काय पिकवणार ते) इन्फ्लुअन्सवर ठेवायचा. पण फोकस बदलला म्हणून उत्पन्न एका झटक्यात येत नाही, मीटर, म्हणजे ग्रहाच्या उत्पन्नाचा आकडा, टर्नागणिक हळूहळू चढतं. साठा संपल्यावर जागा झालेला नवखा म्हणूनच बराच काळ घसरत राहतो, आणि आपण योग्य तेच केलंय हे त्याला कळतही नाही.

पायरी ५: धडा प्रसंगाला बांधा

'ट्युटोरियल हवं' ही मागणी फार मोठी आहे. बाण दाखवत, एकेक बटण दाबायला लावणारं ट्युटोरियल सी प्लस प्लसमध्ये बांधावं लागतं, आणि पुढच्या आवृत्तीत खिडकी हलली की तेही मोडतं. त्याऐवजी खेळात आधीपासून असलेल्या दोन जागा वापरा. एक, दर टर्नला उघडणारी परिस्थिती-अहवालाची खिडकी. दुसरी, खेळातलाच ज्ञानकोश, ज्याला तिथे पीडिया म्हणतात.

कंटेंट स्क्रिप्टमधून परिस्थिती-अहवालात संदेश टाकता येतो, आणि साम्राज्याचा साठा ठरावीक मर्यादेत आहे का हे तपासायची अटही तिथे लिहिता येते. म्हणजे 'इन्फ्लुअन्सचा साठा अमुक एका पातळीखाली आला' हा प्रसंग पकडून त्याच टर्नला संदेश दाखवता येईल: 'इन्फ्लुअन्स संपत आलाय. एखाद्या ग्रहाचा फोकस इन्फ्लुअन्सवर बदला. परिणाम दिसायला काही टर्न लागतील.' संदेशातल्या शब्दावर क्लिक केलं की पीडियाचं पान उघडावं. मर्यादा शून्यावर ठेवू नका, वर ठेवा, मीटर चढायला वेळ लागतो म्हणून.

असे प्रसंग शोधायला तुमची वही आहेच. जहाज पुरवठ्याबाहेर जाऊन इंधन शून्य झालं. एखाद्या साम्राज्याची जहाजं पहिल्यांदा दिसली. इथे संदेश यावा की यांच्याशी सध्या युद्ध आहे, शांततेचा प्रस्ताव अमुक ठिकाणाहून पाठवता येतो. बघा, डिप्लोमसीचा मेनू सापडत नाही ही अडचण ट्युटोरियलच्या एका वाक्याने निम्मी सुटते.

प्रत्येक सूचनेला दोन अटी जोडा: संदेश एका खेळात एकदाच यावा, आणि ज्यांना नको त्यांना बंद करता यावा. जुन्या खेळाडूंचा विरोध याच दोन कारणांनी होतो.

पायरी ६: मसुदा

एका इश्यूत (रिपॉझिटरीत नोंदवलेल्या सूचनेत किंवा तक्रारीत) एकच मागणी. रिपॉझिटरीत आधी शोधून बघा. तोच विषय उघडा असेल तर तुमची सेव्ह फाइल आणि निरीक्षण तिथेच जोडा, नवा धागा काढू नका. भाषा इंग्रजी लागते, पण आधी मराठीत लिहून मग इंग्रजीत उतरवलं तर विचार स्वच्छ राहतो. नमुना असा:

*शीर्षक:* एआयने शांतता नाकारली की उत्तरात कारण यावं.

*परिस्थिती:* आवृत्ती ०.५ मालिका, एकट्याचा खेळ, मध्यम आक्रमकता. सीड, सेव्ह फाइल आणि एआयचा लॉग सोबत.

*काय घडतं:* नवखा खेळाडू दर टर्नला शांतता मागतो. प्रत्येक वेळी यादीतलं वेगळं नकारवाक्य येतं. वारंवार विचारल्याने शक्यता घटते हे त्याला कुठेच कळत नाही.

*लहानात लहान बदल:* नकाराच्या वाक्यांची यादी कारणानुसार विभागावी. सुरुवातीला दोनच कारणं: वारंवार विचारणा आणि स्वभाव. प्रत्येकी तीन वाक्यं खाली लिहून दिली आहेत.

*काय मागत नाही:* निर्णयाचं सूत्र बदलणं, नवे तह, नवी खिडकी.

*कसं तपासायचं:* जोडलेली सेव्ह फाइल उघडून लागोपाठ काही टर्न शांतता मागा. उत्तरात 'थांबा' अशा अर्थाचं वाक्य यायला हवं.

'काय मागत नाही' हा भाग कधी गाळू नका. डेव्हलपरला सगळ्यात मोठी धास्ती असते ती काम फुगत जाण्याची, आणि ही एक ओळ ती कमी करते. वाक्यं स्वतः लिहून देणंही तितकंच मोलाचं. पायथन लिहिणाऱ्याला नकाराची सहा चांगली वाक्यं सुचतीलच असं नाही, आणि तुम्ही ती दिलीत तर त्याचं अर्धं काम झालं.

'हा खेळ नवख्यांसाठी भयंकर आहे' असली वाक्यं काढून टाका. समोरच्याने वर्षानुवर्षं फुकट काम केलेलं असतं. त्याला घडलेली गोष्ट सांगा, निकाल त्याचा त्याला काढू द्या.

पायरी ७: पाठवल्यानंतर

उत्तराला वेळ लागतो. प्रश्न आले तर लगेच आणि नेमकं उत्तर द्या. 'हे मुद्दाम तसंच ठेवलंय' असं उत्तर आलं तर त्यामागचं कारण विचारा, आणि ते पटलं तर तेच कारण पीडियात लिहायची तयारी दाखवा. नाकारलेल्या सूचनेतूनही असं एखादं चांगलं पान तयार होऊ शकतं.

पायथन किंवा मजकूर बदलणं जमत असेल तर स्वतः पुल रिक्वेस्ट, म्हणजे तयार बदल सामावून घ्यायची विनंती, पाठवा. स्ट्रिंगटेबलमध्ये नवं वाक्य घालताना ते आधी इंग्रजी फाइलीत घाला. बाकीच्या भाषांत ते नसेल तर खेळ इंग्रजीवर येतो, त्यामुळे काही अडत नाही. बदल स्वीकारला गेला की नवी बिल्ड (खेळाची ताजी तयार प्रत) उतरवून त्याच नवख्याला पुन्हा बसवा आणि जिथे तो अडला होता तो प्रसंग बघा. ते निरीक्षण त्याच इश्यूखाली लिहा.

मराठीत खेळ आणायचा मोह तुम्हाला होईल, आणि व्हावाच. पण हजारो ओळींचं भाषांतर सुरू करण्याआधी एक छोटी चाचणी करा. स्ट्रिंगटेबलची प्रत काढून दहा-बारा ओळींत 'क्षेपणास्त्र', 'पुरवठा क्षेत्र', 'आक्रमण', 'शर्त', 'किल्ला' असे शब्द घाला, देवनागरी असलेला फाँट निवडा आणि खेळ चालवून बघा. जोडाक्षरं जुळतात का, रफार योग्य जागी बसतो का, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते का ते पडद्यावर तपासा. बिघडत असेल तर पडद्याचं चित्र जोडून तोच तुमचा पुढचा इश्यू करा, कारण ते निस्तरल्याशिवाय भाषांतराचं काम पुढे नेण्यात अर्थ नाही. नीट दिसत असेल तर सुरुवात नकाराच्या वाक्यांपासून करा: ती थोडी आहेत, सुटी आहेत, आणि तह नाकारायची भाषा मराठीला नवी नाही.